डिसेंबरच्या सुट्टीत खान्देशात येतोय: फिरायचं की गावातच राहायचं?

पूर्वा_मिशिगन
नमस्कार मंडळी. यंदा डिसेंबरात आम्ही चौघं भारतात येतोय. नवऱ्याचं गाव यावल तालुक्यात, माझं माहेर धुळ्याचं. मुलगा सातवीत, मुलगी पहिलीत. शाळेची नाताळची सुट्टी दोनच आठवड्यांची, तिला मागेपुढे थोडे दिवस जोडून घेणार. तरी हातात मोजकेच दिवस.

घरात दोन मतं पडली आहेत. नवऱ्याचं म्हणणं, मुलांना भारत म्हणजे नुसतं आजीचं अंगण वाटू नये. चार दिवस गोवा करू, पुण्याला नणंदेकडे दोन दिवस, मुंबईत मामा-मावश्या, आणि उरलेले दिवस गाव. माझं म्हणणं, मुंबईत उतरायचं, भुसावळची गाडी धरायची आणि परत निघेपर्यंत यावल-धुळ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. ज्यांना भेटायचं ते येतील. सासरे पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेत, मोतीबिंदूमुळे नजर कमी झालीय. सासूबाईंना विचारलं तर "तुम्हाला जसं जमेल तसं या" एवढंच म्हणतात आणि फोन दिरांकडे देतात. घरी दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं असतात. केळी आणि थोडी कपाशी आहे, तेच बघतात.

मुलाला मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देतो. इतके दिवस गावात कंटाळेल का, ही एक धास्ती. तुम्ही कसं करता?

केळीबाग_रावेर
या की! डिसेंबरात भरताची वांगी ऐन भरात असतात आणि ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं.
एक लक्षात ठेवा, रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. पूर्वी 120 होते, नोव्हेंबर 2024 पासून बदललं. 20 डिसेंबरची गाडी असेल तर 21 ऑक्टोबरला सकाळी 8 ला तयार बसा. मुंबई-भुसावळ साडेसहा-सात तास. लांबचा विमानप्रवास करून आलेल्या पोरांना घाटातून मोटारीनं आणण्यापेक्षा गाडीत आडवं करा.

धुळेकर_स्नेहा
पूर्वाताई, स्वेटर आणा, भरपूर आणा. "मिशिगनच्या बर्फातली पोरं, त्यांना काय थंडी" असं सगळे म्हणतील. पण आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. उंच छत, गार फरशी, खिडक्यांना फटी, हीटर नाही. धुळ्याचा पारा 8 अंशांच्या खाली उतरला की घरात जास्त गारठतं आणि अंगणात बरं वाटतं. माझ्या भाच्या कॅनडाहून आल्या तेव्हा दिवसभर गच्चीवर आणि रात्री तीन-तीन गोधड्यांत. लोकरीचे मोजे विसरू नका.

सिडनी_ते_सावदा
आमच्याकडे उलटं. ऑस्ट्रेलियात ती उन्हाळ्याची मोठी सुट्टी असते, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारी संपत येईपर्यंत. त्यामुळे आम्ही दोन्ही करतो, आधी गाव आणि शेवटी फिरणं. तुम्हाला मिळतात तेवढ्याच दिवसांत दोन्ही कोंबलं तर मुलं आजारी पडतात आणि मोठी माणसं एकमेकांवर चिडतात. एकच काहीतरी निवडा.

कंटाळ्याचं म्हणाल तर पहिले तीन-चार दिवस येतोच. झोपेची वेळ उलटी, पाणी वेगळं, दर दोन तासांनी कोणीतरी गालगुच्चा घेतं. ते दिवस जाऊ द्या.

नंदुरबारी_शारजा
आखाती देशांत असणाऱ्या नंदुरबार-नवापूरच्या लोकांसाठी: मुंबई सोडा, सुरतला उतरा. तिथून ताप्ती लाइनवर, म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर बसलं की दुपारच्या जेवणाला घरी. पूर्वाताईंना याचा उपयोग नाही, पण धागा बरेच जण वाचतील म्हणून लिहिलं.

आणि यंदा एक योग आहे. अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे दत्तजयंती उशिरा, 23 डिसेंबरला आलीय. म्हणजे सारंगखेड्याची यात्रा बरोबर नाताळच्या सुट्टीत सापडते. 2023 ला 26 डिसेंबरला होती, तेव्हाही असंच जमलं होतं. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, पंजाब-मारवाडचे व्यापारी येतात. पहाटे लवकर जा. घोड्यांना खरारा चाललेला असतो, नुकरा जातीचे पांढरेशुभ्र घोडे उन्हात उभे असतात, आणि घेणारा माणूस बोलायच्या आधी घोड्याचे दात बघतो. माझ्या पोरीनं हे पाहिलं आणि पुढचं वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता.

वाघूर
माझं मत वेगळं आहे, आणि इथे कोणी ते मांडणार नाही म्हणून मांडतो. पूर्वाताईंच्या मिस्टरांचं अगदीच चुकत नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी भारत म्हणजे पाया पडणं, मोठ्यांच्या गप्पांत गप्प बसणं आणि "ओळखलं का मला?" या प्रश्नाला उत्तर देणं, एवढंच उरलं तर ती मोठी झाल्यावर स्वतःहून येत नाहीत. आम्ही दर वेळी मुलांना एक नवीन जागा दाखवतो. आता पुढच्या वेळी कुठे, हे तीच ठरवतात.

शिवाय नोकरी करणाऱ्या माणसाला वर्षात तेवढीच मोठी रजा मिळते. त्याला त्यात चार दिवस समुद्र हवा असेल तर त्याला दोष का द्यायचा?

फक्त त्यासाठी गोव्यालाच जायला हवं असं नाही. अजिंठ्याची लेणी जळगावहून साठेक किलोमीटर. चाळीसगावजवळ पाटणादेवी, जिथे भास्कराचार्यांच्या नातवानं मठ काढल्याचा शिलालेख सापडला. तोरणमाळ आहे. मुक्ताईनगरला जाता-येता चांगदेवला थांबून तापी-पूर्णेचा संगम दाखवा. सगळं घरून निघून संध्याकाळी परत येण्याजोगं, तोरणमाळ तेवढं मुक्कामाचं.

चोपड्याचे_गुरुजी
वाघूर, यादीत फैजपूर घाला. यावल तालुक्यातच आहे, त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, डिसेंबर 1936. अध्यक्ष पंडित नेहरू, गांधीजी हजर, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच सामानातून केलेली. यंदा त्याला 90 वर्षं होतील. सातवीतल्या मुलाला हे सांगितलंच पाहिजे. आणि आसोद्याला बहिणाबाईंचं माहेर आहे, तेही चुकवू नका.

मेहरूणची_बोरं
बोरं! कोणी बोरांचं नाव काढलं नाही अजून. डिसेंबर-जानेवारीत जळगावला येऊन मेहरूणची बोरं न खाता जाणं हा गुन्हा आहे. परत नेता मात्र येणार नाहीत, ताजं फळ तिकडच्या कस्टमला चालत नाही. इथेच पोट भरून खा.

गावातली_सून
मी सहसा फक्त वाचते. आज लिहितेय, कारण या सगळ्यात एका माणसाबद्दल कोणी बोललं नाही. पूर्वाताईंच्या जाऊबाई.

मी त्या जागेवर आहे. माझे मोठे दीर परदेशात असतात. माणसं फार चांगली, मनात काही नाही. ते येणार म्हटलं की सासूबाईंचा चेहराच बदलतो, ते बघून मलाही आनंद होतो. पण ते येतात तेव्हा घरात नक्की काय होतं ते ऐका. महिनाभर आधी रंगरंगोटी, गीझर दुरुस्त, पाण्याचे जार लावायचे, मुलांच्या खोलीला जाळी. आले की भेटायला माणसं सुरू. सकाळी चहा, दुपारी जेवण, चार वाजता परत चहा. "कवय उनात? कवय जाशात?" (कधी आलात, कधी जाणार) विचारत आलेला प्रत्येक माणूस तासभर बसतो आणि तो तासभर मी ओट्यापाशी उभी असते. त्यांना बिबड्या, कुरडया, मसाला बांधून द्यायचा असतो, तोही माझ्याच हातचा. मग ते जातात. सासूबाई आठवडाभर उदास, त्यांना जेवायला लावणं हे माझं काम.

एरवी वर्षभर दवाखाना, शुगरच्या गोळ्या, रात्रीच्या विजेला मोटर, केळीवर करपा आला तर फवारणी, हे सगळं आम्ही दोघं करतो. तक्रार नाही, आपलंच घर आहे. पण सुट्टीला आलेला माणूस दोन दिवसांत "बाबांना मोठ्या डॉक्टरला का दाखवत नाही" विचारतो ना, तेव्हा घशाशी येतं.

पूर्वाताई, तुम्ही विचारलंत फिरायचं की राहायचं. मी म्हणते राहा. पण पाहुण्यासारखं राहू नका. येऊन घर हातात घ्या. जाऊबाईंना सांगा, तुम्ही मुलांना घेऊन माहेरी जा, आठ दिवस राहा, घर आम्ही बघतो. मला माझ्या लग्नानंतर असं कोणी म्हणालेलं नाही. कोणी म्हणालं तर मी त्याच दिवशी पिशवी भरेन.

सिडनी_ते_सावदा
वरचं उत्तर मी बायकोला वाचून दाखवलं आणि तिनं लगेच माझ्या वहिनीला फोन लावला. बाकी काही लिहीत नाही.

वाघूर
गावातली_सून, तुमचं म्हणणं पटलं. एक शंका विचारू? चार-चार वर्षांनी आलेला माणूस खरंच घर हातात घेऊ शकतो का? विहिरीवरचा स्टार्टर कसा चालतो हेसुद्धा आता बदललंय.

गावातली_सून
वाघूरदादा, भाकरी थोडी जाड होईल, मोटर एखाद्या दिवशी राहून जाईल. चालतं. आठ दिवसांत केळी मरत नाही.

दादरची_भाकरी
विषय जड झालाय म्हणून जरा जेवणाकडे वळतो. पाहुणे रोज थोडे थोडे येण्यापेक्षा एक दिवस ठरवून सगळ्यांना मळ्यात भरीत पार्टीला बोलवा. आपल्याकडे थंडीत तीच रीत आहे आणि घरातल्या बाईला त्यात ओट्याशी उभं राहावं लागत नाही, भरीत पुरुषच करतात. बामणोदची हिरवी-पांढुरकी वांगी घ्या, काळी नकोत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची, साल उतरवायची, हिरवी मिरची-लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायची. मग तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. बरोबर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि मुळा.

मेहरूणची_बोरं
पुरी राहिली. भरीत-पुरीच!

दादरची_भाकरी
तुमच्या लेवा पाटीदारांकडे पुरी. आमच्याकडे भाकरी. पंगत एकच, दोन्ही वाढू.

पुणेरी_खान्देशी
आम्ही थोडा टोमॅटो घालतो, छान लागतं.

केळीबाग_रावेर
यांना कोणीतरी तापीच्या पलीकडे सोडून या.

दादरची_भाकरी
तापीच्या पलीकडे आम्ही राहतो. आम्हालाही नकोत.

निवृत्त_सिस्टर
भरीत चालू द्या, मी दोन कामाच्या गोष्टी सांगते.

एक, मुलांचं पोट. विषमज्वराची लस प्रवासाआधी किमान दोन आठवडे घ्यायला हवी, तिकडच्या डॉक्टरांना ऑक्टोबर-नोव्हेंबरातच भेटा. पाणी उकळून गार केलेलं. ओआरएसची पाकिटं पर्समध्ये ठेवा. आणि पहिल्या दिवशी ठेचा देऊ नका, आजी कितीही म्हणाली तरी.

दोन, सासऱ्यांचा मोतीबिंदू. "थंडीत करावं" वगैरे काही नसतं, आता कधीही होतं आणि माणूस बहुतेक त्याच दिवशी घरी येतो. खरं काम पुढे असतं. महिनाभर तरी डोळ्यात थेंब घालायचे, सुरुवातीला दिवसातून अनेक वेळा, वेळ पाळून. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. तुम्ही आल्या आल्या शस्त्रक्रिया केलीत तर सुरुवातीचे सगळ्यात जपायचे दिवस तुमच्या वाट्याला येतील. निघायच्या आदल्या आठवड्यात केलीत तर ते सगळं जाऊबाईंच्या अंगावर पडेल. तपासणी आणि तारीख दिरांशी बोलून आत्ताच ठरवा.

भडगाव_वकील
एक न विचारलेला सल्ला. सुट्टीत जमिनीचा विषय निघतोच. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, ओसीआय कार्ड असलेल्या माणसाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेला हिस्सा मात्र राहतो. सातबारा ऑनलाइन बघता येतो, त्यासाठी तलाठ्याकडे सुट्टीचा दिवस घालवू नका. आणि भावाभावांत काही बोलायचं असेल तर पहिल्या चार दिवसांत, शांतपणे, आई-वडिलांसमोर बोला. निघायच्या दिवशी विषय काढला की पुढची दोन वर्षं त्याचंच वाईट वाटत राहतं. माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं स्टेशनच्या वाटेवर सुरू झालेली असतात.

चोपड्याचे_गुरुजी
पूर्वाताईंचा मुलाबद्दलचा प्रश्न मागे पडला, म्हणून लिहितो.

माझा मुलगा कॅनडात. नातू साधारण तुमच्या मुलाएवढाच. मागच्या हिवाळ्यात आला तेव्हा पहिले काही दिवस खाटेवर मोबाईल घेऊन पडून होता. आम्ही त्याला रमवायला बरंच काही केलं. कॅरम आणला, पतंग आणले, जळगावला नेलं. तोंडदेखलं हसायचा. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. माझ्या पुतण्याच्या पोरानं एका रात्री त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि केळीत नेलं. सकाळी नातू मला समजावून सांगतोय: "आबा, नळीत गाळ बसला ना, की शेवटचं बूच काढायचं. आधी गढूळ पाणी येतं. नितळ आलं की बूच लावायचं. मग बॅटरी मारत ओळीनं चालायचं आणि प्रत्येक ड्रिपरखाली माती ओली झाली का बघायचं. काल अकरा कोरडे निघाले." निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. चपला चिखलानं भरलेल्या.

त्यानंतर तो रोज रात्री गेला. एका रात्री फार गारठा होता, बागेला पाणी देऊन कडेनं शेकोट्या करायच्या होत्या. थंडी वाढली की केळीची वाढ थांबते, घड नीट भरत नाहीत, हेही त्यानंच मला पुन्हा सांगितलं. आम्ही रमवत होतो तेव्हा तो पाहुणा होता. कोरडे ड्रिपर मोजायला लागला तेव्हा त्या दोन पोरांची दोस्ती झाली. आता दर रविवारी तो माझ्या पुतण्याच्या पोराला फोन करतो, मला नंतर.

मुलाला काम द्या. खोटं नको, खरं द्या, ज्याच्यावाचून कोणाचं तरी अडेल असं.

धुळेकर_स्नेहा
गुरुजी, फार छान लिहिलंत. आणि मुलींनाही न्या मळ्यात. पहिलीतल्या पोरीला कपाशी वेचायला लावा, शेवटच्या वेचणीला बोंडं कमी असतात, हात भरत नाहीत तरी ओटीत कापूस घेऊन मिरवते.

सिडनी_ते_सावदा
जाताना एक: परतीची गाडी निवडताना ती कुठून निघते ते बघा. डिसेंबरच्या शेवटी उत्तर भारतात धुकं असतं, तिकडून येणाऱ्या गाड्या भुसावळला कितीतरी तास उशिरा येतात. विमान गाठायचं असेल तर विदर्भ किंवा सेवाग्राम धरा, त्या नागपूरकडून येतात. आणि तरीही एक दिवस हातात ठेवा.

पूर्वा_मिशिगन
सगळ्यांची उत्तरं दोनदा वाचली. गावातली_सून, तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं काल रात्री दिरांना फोन केला आणि दोघं तासभर बोलले.

जाऊबाईंचं माहेर शिरपूर. धाकट्याच्या जन्मानंतर त्या तिथे दोन रात्रींच्या वर राहिलेल्या नाहीत, हे मला काल कळलं. त्यांची बहीण इंदूरला असते. तर असं ठरतंय: आम्ही पोचलो की पहिल्या आठवड्यात बाबांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया, तपासणी दीर आधीच करून घेतील. दत्तजयंतीला सगळे मिळून सारंगखेडा. त्यानंतर दीर-जाऊ आणि मुलं शिरपूरला, तिथून इंदूरला. ते परत येईपर्यंत घर, थेंब, मोटर, दूध सगळं आमच्याकडे. नवरा म्हणाला, नवीन स्टार्टर दादा शिकवेल. पुतण्याला इंदूरला जायचं नाहीये, त्याला आमच्या मुलाला केळीत न्यायचंय, त्यामुळे तो बहुतेक मागेच राहील. नणंद पुण्याहून यावलला येतेय. शेवटचे दिवस धुळे. गोवा यंदा नाही. नवरा थोडा हिरमुसला आहे, त्याची समजूत मी काढेन. त्याचा तो हक्कच आहे, वाघूरदादा, तुमचं तेही पटलं.

सासूबाईंना सांगितलं तर आधी म्हणाल्या, "तुम्ही पाहुणे, तुम्ही कशाला." मग विचारलं, "खरंच आठ दिवस ऱ्हाशील का घरी?"

गावातली_सून
वाचून फार बरं वाटलं पूर्वाताई. आता लिहून घ्या. जाऊबाई निघायच्या आधी त्यांच्याकडून तीन गोष्टी कागदावर घ्या: सासू-सासऱ्यांच्या गोळ्या वेळेसकट, गॅसच्या बुकिंगचा नंबर, आणि दूधवाल्याचा हिशेब कुठपर्यंत झालाय ते. त्या गेल्यावर दिवसातून चारदा फोन करून विचारू नका, नाहीतर त्यांचं माहेरपण घरातच अडकेल. आणि सासूबाई पहिल्या दिवशी तुम्हाला चुलीपाशी येऊ देणार नाहीत. ऐकू नका.

पूर्वा_मिशिगन
लिहून घेतलं. चौथं काही असेल तर तेही सांगा.

केळीबाग_रावेर
चौथं मी सांगतो. भरीत पार्टीचा दिवस जाऊबाई इंदूरहून आल्यानंतरचा ठेवा, त्यांना सोडून खाऊ नका. तारीख कळवा, वांगी माझ्याकडून. पुणेरी_खान्देशी, तुम्हीही या, फक्त हात हलवत या.